चार नंबरच्या बाकाखालचं पितळ

१

आग विझली तेव्हा आर्डिस ट्वेटच्या कुरणात राखेशिवाय काही उरलं नव्हतं. हिवाळ्यासाठी रचलेल्या गवताच्या गंजी गेल्या, कुंपणाचे खांब गेले आणि कुंपणाशी अडकलेली तिची म्हातारी घोडी इतकी भाजली होती की आर्डिसला स्वतःच्या हातानं तिला गोळी घालावी लागली. त्या गोळीचा आवाज शेजारच्या रायफल क्लबच्या मैदानावर जमलेल्या सगळ्यांनी ऐकला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

आग लागली होती क्लबच्याच हद्दीत. निशाणाच्या बांधाजवळ एक खडक जमिनीतून वर आलेला आहे, तिथलं वाळकं गवत आधी पेटलं होतं. त्या खडकाच्या समोर नेमबाजांचं चार नंबरचं बाक. मार्लिस एंगन त्या बाकाखाली वाकली आणि तिनं काहीतरी उचलून वर धरलं.

"पोलादी!"

तिच्या हातात झाडलेल्या काडतुसांच्या तीन राखाडी रिकाम्या पुंगळ्या होत्या. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या, रोरी पाचेकोकडे.

स्टोनी फोर्क हे मोंटानातलं एवढंसं गाव. कोण कसली काडतुसं झाडतो हे इथे सगळ्यांना पाठ. बहुतेक सगळे पितळी पुंगळीची काडतुसं वापरत. टायरच्या दुकानात राबणाऱ्या रोरीला ती परवडत नसत. तो फोनवर बोटं फिरवून सगळ्यात स्वस्त पोलादी माल मागवायचा, एका खोक्यात हजार. खोकं दुकानाच्या दारात येऊन पडायचं आणि गावाला टिंगलीला विषय मिळायचा.

त्या स्वस्त मालाला एक खोड असते. गोळी वरून तांब्याची दिसते, पण मुलाम्याखाली पोलादाचा पत्रा असतो. दगडावर आपटली की ठिणगी. म्हणून जुलैपासून पहिला बर्फ पडेपर्यंत लोहचुंबकाला चिकटणारी गोळी मैदानावर आणायची नाही, असा क्लबचा नियम होता. नियम लिहिला होता चिटणीस मार्लिसनं. फाटकावर चुंबक घेऊन बसायचीही तीच. त्या रविवारीही सकाळपासून दुपारपर्यंत तीच बसली होती.

मार्लिस तरातरा रोरीच्या गाडीकडे गेली, मागचं खोकं उघडून तिनं एक काडतूस काढलं आणि सगळ्यांसमोर गोळीच्या टोकाला चुंबक लावला. टक्.

"चार डॉलर वाचवायला गेलास आणि आर्डिसचं अख्खं वर्ष जाळलंस!" ती ओरडली. "लाज वाटते का काही?"

रोरीचा चेहरा काजळीनं माखला होता. आगीशी सगळ्यात आधी तोच झुंजला होता, एकटा, फावडं घेऊन. तो गावाच्या अग्निशामक पथकातला बिनपगारी स्वयंसेवक, आणि महिनाभरात जिल्ह्याच्या पगारी पथकात त्याला नोकरी लागायची होती. आग लावल्याचा ठपका बसला की ती नोकरी संपली, हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यालाही.

मार्लिसकडे बघून न बघितल्यासारखं करत तो गर्दीतल्या कुणाकडे तरी पाहत राहिला.

क्लबचा अध्यक्ष जीन लुंड खाकरला. "शुक्रवारी बैठक घेऊ. मार्लिस, तू पुरावा गोळा करून ठेव. ठराव करू आणि शेरीफच्या हवाली करू."

मार्लिसनं तीस वर्षं विमा कंपनीसाठी आगीच्या आणि गारपिटीच्या दाव्यांची तपासणी केली होती. खोटं बोलणारा माणूस आपल्याला वासानं कळतो, असा तिचा समज होता. सोमवारी सकाळी ती पिशवी घेऊन मैदानावर गेली ती तासाभरात परत यायच्या तयारीनं.

चार नंबरच्या बाकाभोवती खडीत बरंच पितळ विखुरलं होतं, प्रत्येक पुंगळीच्या बुडावर निळी रेघ. म्हणजे क्लबच्या जुन्या नेमबाजाची, ऑरिन हाल्वरसनची खूण. ते तिनं गोळा केलं आणि मग ती पोलादी पुंगळ्या शोधू लागली. कालच्या तीन बाकाच्या लोखंडी पायामागे सापडल्या होत्या. त्याच फटीत आणखी चार होत्या. बाकी खडीत एकही नाही.

मार्लिस गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. पोलादी पुंगळ्या कुणीतरी चुंबकाची काठी फिरवून उचलल्या होत्या. काठी लोखंडी पायालाच चिकटत राहिली, म्हणून त्यामागच्या तेवढ्या राहिल्या. पण रोरी? पोलादी पुंगळी परत भरून वापरता येत नाही, भंगारात कुणी विचारत नाही. रोरीनं आयुष्यात कधी एक उचलली नव्हती. त्यावरून मार्लिसच त्याला दर खेपेला झापायची.

ज्याला आपलं पोलाद लपवायचं होतं, तो रोरी नव्हता.

२

जीन लुंडचं बंदुकांचं दुकान गावाच्या एकुलत्या एका सिग्नलला लागून होतं. मार्लिस आत शिरली तेव्हा तो काचेचं कपाट पुसत होता. गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

"ठराव लिहून झाला का?" त्यानं विचारलं.

"नाही. आधी तू सांग, रविवारी दुपारी कुठे होतास?"

जीनचा फडका थांबला. "माझी चौकशी करतेस? माझी?"

"सगळ्यांचीच करतेय."

"इथेच होतो. रविवारी कोणी येत नाही, तरी बसतो. माझ्याकडे यायचं कारणच काय उरलंय लोकांना? पलंगावर लोळत फोन दाबायचा, खोकं घरी! हात लावून बघायला माझ्याकडे, घ्यायला तिकडे." तो तापतच गेला. "मी दहा वेळा सांगितलं, त्या स्वस्त कचऱ्यानं एक दिवस हा डोंगर पेटेल. पेटला ना?"

"तुला बरं वाटलेलं दिसतंय."

"घोडी मेल्याचं बरं वाटेल मला? काहीतरीच बोलू नकोस."

पण मार्लिसच्या मनात किडा वळवळलाच. स्वस्त मालाची बदनामी झाली तर फायदा कुणाचा? फटीत चार-सहा पोलादी पुंगळ्या टाकून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

"तुझं सोड," ती म्हणाली. "बाकीचे तरी तुझ्याकडून घेतातच की. ऑरिन घरी काडतुसं भरतो, बंदुकीची दारू तुझ्याकडूनच नेतो."

"न्यायचा!" जीन फणकारला. "वसंतापासून एक डबा नेला नाही. काडतुसांच्या टोप्या नाहीत, दारू नाही. आता तोही मागवत असेल फोनवरून. ऑरिन हाल्वरसन! मग भरवसा कुणाचा धरायचा?"

मार्लिस हसली. ऑरिनला फोनवर साधा निरोप लिहिता येत नसे. राज्याची स्पर्धा सात वेळा जिंकलेला माणूस, दारूचा एकेक कण तराजूवर तोलून काडतूस भरायचा आणि तयार काडतुसांना 'डब्यातलं सूप' म्हणायचा. पितळ चार-पाचदा भरून थकलं की तो ते मैदानावरच सोडायचा. क्लब ते भंगारात विकून मुलांचे नेमबाजीचे वर्ग चालवायचा. नवरा गेल्यावर मार्लिस घरात कुढत बसली होती, तेव्हा तिच्या हातात रायफल देऊन तिला पुन्हा माणसांत आणलं ते ऑरिननंच.

दाराशी पोचल्यावर तिला आठवलं, ऑरिन वसंतापासून दारू नेत नाही, तर रविवारी त्यानं झाडलं काय?

३

आर्डिस ट्वेट राखेत उभी राहून खांबांची भोकं मोजत होती. मार्लिसला बघून तिनं हातमोजे काढले नाहीत.

"माफी मागायला आली असशील तर राहू दे," ती म्हणाली. "माफीनं गुरं जगत नाहीत."

"मला एवढंच विचारायचंय, आगीच्या आधी तू काय ऐकलंस?"

"गोळ्या. दुसरं काय ऐकायला येतं तुमच्या शेजारात!"

"कशा? भराभर?"

रागातही आर्डिस खोटं बोलणारी बाई नव्हती. "नाही. मी घोडीच्या टाकीत पाणी भरत होते. एक गोळी. मग माझी बादली भरेपर्यंत सगळं शांत. मग दुसरी. असंच चाललं होतं. मला वाटलं, कुणी अगदी नवशिका असेल, नाहीतर झोपाळू."

"आणि शेवटची?"

"शेवटची झाली, मी गोठ्यात गेले, बाहेर येते तो धूर." ती मार्लिसच्या जवळ आली. "का गं? त्या टायरवाल्या पोरानं लावली म्हणून तूच बोंबलत होतीस ना?"

मार्लिसच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रोरी झाडायला बसला की मक्याच्या लाह्या फुटल्यासारखा आवाज येई. स्वस्त मालाचं सुखच ते. एका गोळीवर बादली भरेपर्यंत दम धरणारा रोरी तिनं कधी पाहिला नव्हता.

त्या दुपारी तिथे दुसरं कोणीतरी होतं, आणि त्या माणसाला प्रत्येक गोळी जड जात होती.

४

टायरच्या दुकानात रोरी एका ट्रकखाली आडवा होता. मार्लिसनं त्याच्या बुटांशीच बोलायला सुरुवात केली.

"आग दिसायच्या आत तू तिथे पोचलास. पथकाला तूच कळवलंस. इतक्या लवकर कसा?"

"गाडी जोरात चालवली."

"धूर दिसला म्हणून?"

पान्याचा आवाज थांबला. रोरी सरपटत बाहेर आला आणि कापडाला हात पुसत उभा राहिला.

"मिसेस एंगन, रविवारी तुम्ही फाटकावर होतात. मला पाहिलंत?"

"नाही. पण मागच्या रस्त्यानं—"

"बघा, तुमचं उत्तर तयारच आहे. मला कशाला विचारता?" त्याचा आवाज चढला नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "दर खेपेला तुम्ही माझी काडतुसं तपासता. एकदा नाही, दोनदा. खिसेसुद्धा. उन्हाळ्यात मी चार तांब्याच्या गोळीची विकत घेतो तुमच्या नियमासाठी, ती तुम्ही दाताखाली धरायचीच बाकी ठेवता. मी कधी काही बोललो?"

"नाही बोललास."

"मग आताही बोलत नाही."

मागे भिंतीशी खोकी रचलेली होती. मार्लिसची नजर त्यांच्यावरून फिरली. सगळ्यांवर रोरीचं नाव. एकट्या माणसाला एवढी खोकी? रोरीच्या रायफलीला पुरून उरतील इतकी.

"रोरी, ही सगळी तुझीच आहेत?"

त्यानं चटकन खोक्यांकडे पाठ केली. आतापर्यंत सरळ डोळ्यांत बघणारा पोरगा पहिल्यांदाच जमिनीकडे बघू लागला.

"तू कुणाला पाठीशी घालतोयस?"

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला आणि पुन्हा ट्रकखाली शिरला. "शुक्रवारी काय करायचं ते करा."

"तुझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

ट्रकखालून पान्याचा आवाज तेवढा परत सुरू झाला.

५

घरी येऊन मार्लिसनं पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली. एकीकडे सात पोलादी पुंगळ्या, दुसरीकडे निळ्या रेघांचं पितळ. ऑरिननं रविवारीच सांगून टाकलं होतं, "पितळ माझं. थोडी झाडली आणि आग लागायच्या आधीच निघालो." त्यावर कोणी पुढे विचारलं नव्हतं. ऑरिनला कोण विचारणार?

तिनं कॉफी ठेवली. चाळा म्हणून एक पितळी पुंगळी उचलून दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली, लहान मुलं लावतात तशी. समोर खिडकी होती.

पुंगळीच्या बुडातून उजेडाचा एक ठिपका दिसला.

मार्लिसनं ती खाली ठेवली. दुसरी उचलली. ठिपका. तिसरी, चौथी. प्रत्येकीच्या बुडाला भोक.

कॉफी उतू गेली तरी ती उठली नाही. काडतुसाच्या बुडात एक चिमुकली टोपी बसवलेली असते. रायफलीची सुई तिच्यावर आपटते, टोपी पेटते, तिच्यामुळे दारू पेटते आणि गोळी सुटते. पण गोळी गेली तरी ती जळकी टोपी बुडातच रुतून राहते. रायफलीतून पडलेल्या पुंगळीत ती असतेच. बाहेर काढायची तर घरी, हत्यारानं. काडतुसं स्वतः भरणारा माणूस पहिलं काम तेच करतो, टोपी पाडायची, मग पितळ धुवायचं, वाळवून बरणीत भरायचं. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्याला ते काम केल्याचं कळतही नाही.

हे पितळ रविवारी कोणत्याही रायफलीतून पडलेलं नव्हतं. ते बरणीतून आणून खडीत पेरलं होतं. कुणीतरी झाडलं पोलाद, उचललं पोलाद आणि लोकांना दिसावं म्हणून टाकलं पितळ. निळी रेघ गावात एकच माणूस ओढत होता.

मग तिला फाटक आठवलं. रविवारी दुपारी ती घरी निघाली होती तेवढ्यात ऑरिनची गाडी आली. त्यानं खिडकीतून काडतुसांचा डबा पुढे केला होता, नियमाप्रमाणे. चुंबक तिच्या हातातच होता. आणि ती काय म्हणाली? "तुझं काय तपासायचं, ऑरिन! जा आत." तो क्षणभर डबा तसाच धरून बसला होता. मग त्यानं तो मागे घेतला.

रोरीचे खिसे तपासणाऱ्या बाईनं त्या डब्याला चुंबक लावला असता, तर घोडी आज चरत असती.

मार्लिसला स्वतःची इतकी लाज वाटली की रिकाम्या घरातही तिनं तोंड हातांनी झाकून घेतलं. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट लगेच पुढे आली. तिच्या मनात आलं की हे पितळ कचऱ्याच्या पिंपात टाकावं. कोणाला कळणार? रोरी तरुण आहे, दुसरी नोकरी बघेल. ऑरिनचं नाव गेलं तर ऑरिनपाशी काय राहतं?

पितळ हातात घेऊन ती खरोखरच पिंपापर्यंत गेली. झाकण उघडलं. मग आपण काय करतोय ते तिचं तिलाच दिसलं.

६

"कॉफी घेशील?" ऑरिननं विचारलं.

त्यानं कप अर्धाच भरला. किटली धरलेल्या उजव्या हाताचं मनगट त्यानं डाव्या हातानं घट्ट पकडलं होतं, तरी कॉफी बशीत सांडली. मार्लिसनं बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. मग तिला वाटलं, हेच आपण सगळे वसंतापासून करत आलोय की काय.

पलीकडच्या खोलीत त्याचं काडतुसं भरायचं टेबल दिसत होतं. तराजूवर चादर टाकलेली होती, प्रेत झाकतात तशी.

मार्लिसनं एक पितळी पुंगळी टेबलावर उभी ठेवली. "हिच्या बुडातून उजेड दिसतो, ऑरिन."

त्यानं पुंगळी उचलून खिडकीकडे धरली. मग त्याच्या तोंडून कसंनुसं हसू फुटलं. "टोप्या पाडलेल्या! पन्नास वर्षांची सवय. बरणीत हात घातला आणि मूठभर टाकली. एवढं साधं सुचलं नाही मला."

"हात कधीपासून?"

"बर्फ वितळलं तेव्हापासून. डॉक्टरनं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. तराजूवर दारू ओतायला गेलो की सगळीकडे सांडते." तो हातांकडे परक्यासारखा बघत होता. "जीनकडून तयार काडतुसं घेतली असती, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, ऑरिन डब्यातलं सूप पितो म्हणून. रोरीला म्हटलं, तुझ्या फोनवरून मागव, तुझ्या नावानं. त्यानं पितळी दाखवली होती. मीच म्हटलं, स्वस्तातली घे. शरद ऋतूतल्या स्पर्धेपर्यंत हाताला वळण लावायचं होतं. हजारो लागणार होती. तशीही कुठे लागत होती म्हणा निशाणावर! अर्धी त्या खडकावरच जायची."

"तुला चुंबकाचं माहीत होतं."

"रोरीनं बजावलं होतं, बर्फ पडेपर्यंत नको म्हणून. मला माहीतच होतं." ऑरिनचा आवाज खाली गेला. "मी फाटकावर डबा पुढे केला, मार्लिस. देवाशपथ, मला वाटलं तू चुंबक लावावास. लावला असतास तर घरी गेलो असतो. तू म्हणालीस जा आत. मग मीही मनाला म्हटलं, ऑरिन हाल्वरसनचं काय तपासायचं."

मार्लिसनं कप दूर सारला.

"पुंगळ्या उचलल्या, पितळ टाकलं, गाडीशी गेलो तर धूर. फोनवर पथकाचा नंबर दाबता येईना, बोटं उड्या मारत होती. शेवटचा नंबर रोरीचा होता, तो लागला. तो आला आणि म्हणाला, तुम्ही जा, हा धूर तुमच्या छातीला सोसायचा नाही. मी गेलो. पळालोच म्हण."

"आणि संध्याकाळी परत आलास. मी त्याला सगळ्यांदेखत बोलले तेव्हा तू तिथे होतास."

"तुझ्या मागेच उभा होतो. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता बोलावं, आता बोलावं. तेवढ्यात लोक पांगले." त्यानं डोळे मिटले. "मला माझ्या हातांची लाज वाटत होती गं. रविवारपासून हातांची वाटेनाशी झालीय."

"उद्या शुक्रवार आहे," मार्लिस म्हणाली. "तू बोललास तर बरं. नाहीतर मी बोलेन."

ती दाराशी पोचली तरी तो पुंगळीकडेच बघत बसला होता.

७

शुक्रवारी क्लबची खोली भरून गेली. आर्डिस पुढच्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. रोरीसाठी कोणी खुर्ची ठेवली नव्हती, तो दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. ऑरिनची खुर्ची रिकामी होती.

जीननं ठराव वाचायला घेतला. "सदस्य रोरी पाचेको याच्या निष्काळजीपणामुळे..."

"थांब," मार्लिस उठली. तिनं पितळ टेबलावर ओतलं. "हे आधी उजेडात धरून बघ."

जीननं एक डोळ्याला लावली. दुसरी लावली. बंदुकांचा धंदा करणारा माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं बुडावरची निळी रेघ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

"नाही," तो म्हणाला. "शक्य नाही."

"शक्य आहे," दारातून आवाज आला.

ऑरिन स्वच्छ शर्ट घालून आला होता. बटणं खालीवर लागली होती. तो पुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले. ते थरथरत होते. त्यानं ते लपवले नाहीत, आणि रविवारचं सगळं सांगितलं, फोनपासून पळण्यापर्यंत. गर्दीत उभं राहून गप्प बसल्याचंही सांगितलं. रोरीची त्यानं माफी मागितली नाही, म्हणाला, तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

मार्लिसनं फाटकावरचं स्वतः सांगितलं. ऐकताना लोक मात्र ऑरिनकडेच बघत होते.

कुणीतरी नाक शिंकरलं. मागून एकजण म्हणाला, "बिचारा." जीन खुर्चीतून उठला आणि त्यानं ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे सांगायला छाती लागते," तो सद्गदित होऊन म्हणाला. "मला वाटतं, आपण सगळे समजू शकतो. आजारी माणूस, अपघात झाला. शेरीफला कशाला मध्ये आणायचं? आर्डिसचं नुकसान क्लब भरून देईल आणि विषय इथेच—"

दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आर्डिस उठली. "रविवारी त्या पोरानं केलं होतं तेव्हा तो गुन्हा होता. आज ऑरिननं केलं तर अपघात. माझी घोडी दोन्ही वेळा मेलीच ना?"

टाळ्या थांबल्या. मार्लिसनं खाली बघितलं. खोलीतल्या बहुतेकांनी खाली बघितलं. ऑरिननं जीनचा हात खांद्यावरून हळूच बाजूला केला.

"शेरीफचं ऑफिस उघडं असेल अजून," तो म्हणाला. "पण मला आता अंधारात गाडी चालवता येत नाही."

कोणी पुढे येईपर्यंत भिंतीपासून एक आवाज आला. "चला, मी सोडतो."

रोरी ऑरिनला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. मार्लिस त्यांच्या मागे धावली. म्हाताऱ्याला गाडीत बसवून रोरीनं त्याचा पट्टा लावून दिला आणि तो आपल्या जागेवर येऊन बसला. मार्लिसनं खिडकीच्या काचेवर टकटक केली. त्यानं काच खाली केली.

आठवडाभर तिनं मनात शब्द जुळवले होते. त्यातला एकही आता सापडेना.

"रोरी, मी चुकले."

ती वाट बघत राहिली. इथे माणसं अशा वेळी म्हणतात, जाऊ द्या, होतं असं, मनावर घेऊ नका. तोही म्हणेल अशी तिला आशा होती, आणि आशा आहे याचीही लाज वाटत होती.

रोरीनं तिच्याकडे नीट बघितलं.

"हो," तो म्हणाला. "चुकलात."

आणि त्यानं गाडी सुरू केली.